जुनी सिटी व्हीटेक, पावसातलं मिसिंग आणि प्लग वायरचा सेट: एका गाडीचं पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक, पुण्यातली, सध्याचा मालक दुसरा. ज्यांनी ही गाडी चालवलीये त्यांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो, २००० साली ही आली तेव्हा दीड लिटरच्या इंजिनातून १०६ बीएचपी म्हणजे आपल्याकडे मोठीच गोष्ट होती. २००३ ला नवीन आकाराची सिटी आली आणि ही बंद झाली, तरी आजसुद्धा चांगला नग दिसला की हौशी लोक सोडत नाहीत. आवाज, हलकं वजन आणि वरच्या आरपीएमला व्हीटेक (तिथं व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) उघडल्यावर गाडी जी पळते, त्यासाठी लोक वीस वर्षांच्या गाडीवर जीव टाकतात आणि मला ते पूर्ण पटतं.

यातलं इंजिन डी-सिरीजचं, डी१५बी. आजच्या गाड्यांसारखी प्रत्येक प्लगवर (ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग) वेगळी कॉइल (व्होल्टेज हजारोंत चढवणारा भाग) नाही, जुन्या पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे पाळीपाळीनं प्रत्येक प्लगला करंट वाटणारा डबा, वर कॅप, आत रोटर आणि कॅपमधून चार प्लगकडे चार वायरी. कोणी प्लग वायर म्हणतं, कोणी एचटी लीड, आमच्या गॅरेजवर नुसतं 'केबल' म्हणतात. डिस्ट्रिब्युटर गिअरबॉक्सच्या बाजूला, त्यामुळे चार नंबरची वायर सगळ्यात आखूड आणि टायमिंग बेल्टच्या बाजूची एक नंबर सगळ्यात लांब. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. प्लग टॅपेट कव्हरमधल्या (इंजिनचं वरचं झाकण) खोल नळ्यांच्या तळाशी बसतात आणि हीच गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

माणसं तीन. एक मालक, पस्तिशीचा, गाडी फक्त शनिवार-रविवार काढणारा. दुसरे गॅरेजचे मामा, होंडाची ही इंजिनं गेली वीसेक वर्षं उघडतायत. तिसरा मी, माझं काम इलेक्ट्रिकलचं, रविवारी मामांकडे असतो. नावं मुद्दाम कुणाचीच दिलेली नाहीत.

अडचण

२०२३ चा जून संपत आला, पहिला जोराचा पाऊस झाला आणि सकाळी गाडी चालू केली की थरथरायला लागली, तीन सिलिंडरवर चालल्यासारखी. यालाच मिसिंग म्हणतात, एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही. दोन-तीन मिनिटांत गरम झाली की बरी व्हायची. मालकानं घराजवळच्या गॅरेजला दाखवली, त्यांनी चारही प्लग बदलले आणि गाडी एकदम सुतासारखी सरळ झाली. विषय संपला असं वाटलं.

तीन आठवडे बरे गेले. मग जुलैत ताम्हिणी घाटात, विळ्याहून वर चढताना परत सुरू. तिसरा गिअर, अडीच हजारच्या आसपास आरपीएम, पाय पूर्ण दाबला की गाडी झटके खायची, मागून कोणीतरी धरून ओढतंय तशी. पाय हलका केला की काही नाही. सपाट रस्त्यावर ऐंशीच्या स्पीडला काही नाही. चेक इंजिनचा लाइट एकदाही लागला नाही.

या वेळी दुसऱ्या गॅरेजला नेली, तिथं पेट्रोलचा दोष सांगितला. इंजेक्टर साफ झाले, फिल्टर बदलला, पंप पण बदलायला सांगितला, तो मालकानं थांबवला. सात हजार गेले आणि फरक शून्य. मग गाडी मामांकडे आली. वर तारीख पण होती डोक्यावर, १९ सप्टेंबरला गणपती, घरच्यांना घेऊन दापोलीला जायचं म्हणजे परत तोच घाट.

लक्षणं नीट ऐकली तर

मला इथं थोडं थांबून सांगायचंय, कारण माझ्या मते अर्धं प्रकरण इथंच सुटत होतं आणि दोन गॅरेजनी ते नीट ऐकलंच नाही.

प्लगच्या गॅपमध्ये ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागतं ते त्या क्षणी सिलिंडरमध्ये दाब किती आहे त्यावर असतं. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) दाब कमी, थोड्या व्होल्टेजवर ठिणगी पडते. चढावर, कमी आरपीएमला पाय पूर्ण दाबला की सिलिंडर हवेनं गच्च भरतो, दाब वाढतो आणि तोच गॅप पार करायला खूप जास्त व्होल्टेज लागतं. आता वायरचं किंवा रबरी बूटचं (वायरीचं प्लगवर बसणारं टोक) इन्सुलेशन कुठं कमजोर असेल, तर करंटला प्लगपेक्षा तो रस्ता सोपा पडतो, ठिणगी बाहेरच्या बाहेर इंजिनच्या लोखंडावर उतरते आणि तो स्ट्रोक फुकट जातो. दमट हवेत हे जास्त होतं. म्हणजे भार आणि ओल या दोन गोष्टी एकत्र आल्या की बिघडणारी गाडी पहिल्यांदा करंटच्या बाजूनं बघायची. पेट्रोल कमी पडत असेल तर साधारण वरच्या आरपीएमला, जास्त वेळ खेचल्यावर गाडी बसते, आणि पंपाला पावसाचं काही पडलेलं नसतं.

मामांनी मालकाला एकच प्रश्न विचारला, "साहेब, कोरड्या दिवशी याच चढावर झटके कमी असतात का?" मालकानं आठवून सांगितलं, हो, कमी असतात. मामा म्हणाले, पंपाला हात लावू नका.

मीटरनं दिलेली हूल

वायरी काढून मी मल्टिमीटरवर रेझिस्टन्स मोजला. होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या इंजिनांना २० डिग्रीला जास्तीत जास्त २५ किलोओहम प्रति वायर असा आकडा आहे. आमचे आकडे आले ते असे, एक नंबर १४.१, दोन ११.८, तीन ९.६, चार ७.९. लांबीप्रमाणे उतरते, सगळे हद्दीत, वायर वाकवून हलवून बघितली तरी आकडा उडत नाही. मी मालकाला सांगून टाकलं की वायरी ठीक आहेत, डिस्ट्रिब्युटर बघू.

हे माझं चुकलं. मल्टिमीटर आतली तार सलग आहे का एवढंच सांगतो. बाहेरचं आवरण वीस-पंचवीस हजार व्होल्ट अडवू शकतं का हे नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या मीटरला कळायचा मार्गच नाही. मला हे माहीत होतं, पण आकडे इतके सुंदर आले की त्या दिवशी मी तिथंच थांबलो आणि एक रविवार गेला.

डिस्ट्रिब्युटर उघडला, तोही बरा निघाला. या होंडांमध्ये शाफ्टचं बेअरिंग जायला लागलं की रोटरखाली गंजासारखी तांबूस पावडर जमते, ती नव्हती. कॅपच्या आतल्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर होता, रोटरचं टोक जळून खडबडीत झालेलं. बदलायच्या लायकीचं, पण एवढ्यावरून घाटातले झटके येतील असं मामांना वाटेना.

रात्रीची टेस्ट

पुढच्या शनिवारी रात्री गॅरेजचं शटर अर्धं ओढलं, दिवे बंद केले, गाडी आयडलला ठेवली आणि कुंडीतल्या झाडांवर पाणी मारायची साधी स्प्रेची बाटली घेऊन मामांनी वायरींवर हलका फवारा मारला. ओतलं नाही, नुसता फवारा.

तीन नंबरच्या बूटच्या मानेपाशी निळी रेघ दिसली. केसाएवढी बारीक, नळीच्या कडेला उडी मारणारी आणि सोबत टिक-टिक-टिक आवाज, इंजिनच्या ठेक्याबरोबर. आणखी एक जागा सापडली, जिथं एक आणि दोन नंबरच्या वायरी टॅपेट कव्हरवरच्या क्लिपमध्ये एकमेकींना घासत होत्या, तिथं फिकट जांभळा धूसर उजेड होता. मालकानं फोनवर व्हिडिओ काढला तर त्यात काहीच दिसलं नाही, डोळ्यांना मात्र स्पष्ट दिसत होतं. (ही टेस्ट करताना हात, घड्याळ, अंगठी इंजिनपासून लांब ठेवा, पंखा आणि बेल्ट अंधारातही फिरतच असतात आणि या करंटचा झटका माणसाला लांब फेकतो.)

इंजिन बंद करून तीन नंबर काढली. बूट खालच्या बाजूला फुगलेलं, नखानं दाबलं की खळगा पडून तसाच राहत होता, आणि बाहेर काढताना इंजिन ऑइलचा वास. टॉर्च मारला तर नळीच्या तळाशी ऑइल साचलेलं, प्लगचा षटकोन अर्धा बुडालेला. टॅपेट कव्हरखाली प्रत्येक नळीला एक गोल रबरी सील असते, वयानं ती कडक होते आणि तिथून ऑइल झिरपतं, या इंजिनांचं हे नेहमीचं दुखणं. सिलिकॉन उष्णतेला भारी, पण गरम ऑइलमध्ये पडून राहिलं की फुगतं आणि मऊ पडतं.

मग प्लग काढला. काही आठवड्यांपूर्वीच बसवलेला. त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरच्या टोकापासून खाली लोखंडापर्यंत पेन्सिलनं ओढावी तशी एक काळी रेघ. करंट बाहेरून घसरत गेल्याची खूण, कार्बनची वाट. बूटच्या आतल्या भिंतीवर बरोबर त्याच जागी तशीच रेघ. पहिल्या गॅरेजनं प्लग बदलल्यावर गाडी तीन आठवडे का बरी चालली याचं उत्तर इथं होतं. जुन्या प्लगवर रेघ असणार, नवीन प्लग स्वच्छ, पण बूटमधली रेघ तशीच राहिली आणि तिनं नवीन प्लगवर हळूहळू परत वाट पाडली. म्हणून अशी रेघ दिसली की प्लग आणि वायर दोन्ही एकत्रच बदलायचं, एकाला वाचवायला गेलं की दुसरा जातो.

समोर असलेले पर्याय

सेट बदलायचा हे ठरलं, कुठला घ्यायचा यावर दोन आठवडे गेले.

पहिला पर्याय अर्थात जेन्युइन. काउंटरवर चौकशी केली, स्टॉकमध्ये नाही, ऑर्डर टाकली तर येईल की नाही याची खात्री नाही आणि आगाऊ पैसे भरायचे. गणपतीच्या आत मिळणं कठीण होतं.

दुसरा, नाना पेठेतून लोकल सेट, दुसऱ्या गाडीचा, लांबी जुळवून. स्वस्त आणि लगेच. पण डिस्ट्रिब्युटरकडचं टोक आणि नळीतल्या बूटची उंची या गाडीची वेगळी, आणि बूट नळीच्या तोंडाशी घट्ट बसलं नाही तर पावसाचं पाणी सरळ प्लगवर. मामांनी हा लगेच उडवला.

तिसरा, भंगारात गेलेल्या सिटीचा जुना ओरिजिनल सेट. एक बघायला पण मिळाला, दिसायला छान होता. पण वीस वर्षांचं रबर ते वीस वर्षांचं रबर, आपण नेमकं ज्या कारणानं बदलतोय तेच परत घ्यायचं, त्यामुळे तो पण गेला.

चौथा, ज्याच्यावर मालकाचा जीव होता, लाल रंगाचा १० एमएमचा 'रेसिंग' सेट. आणि पाचवा, डी-सिरीजच्याच परदेशी सिविकसाठी नामांकित कंपनीनं बनवलेला, ओरिजिनलच्या दर्जाचा सेट बाहेरून मागवणं.

चौथ्या पर्यायावर खरी चर्चा झाली आणि ती इथं सविस्तर देतो, कारण जुनी पळणारी गाडी ज्याच्याकडे आहे तो प्रत्येक जण कधीतरी या वळणावर येतो. मालकाचं म्हणणं असं की जाड वायर म्हणजे जास्त करंट, कमी रेझिस्टन्स म्हणजे जोरदार ठिणगी, आणि गाडी परफॉर्मन्सची आहे तर वायर पण तशीच पाहिजे. ऐकायला बरोबर वाटतं, पण हिशोब करून बघा. ठिणगी पडायच्या आधी वायरमधून जवळजवळ करंट वाहतच नाही, व्होल्टेज नुसतं चढत जातं, त्यामुळे तारेचा रेझिस्टन्स तिथं आडवा येत नाही. ठिणगी पडल्यावर करंट वाहतो, तो साधारण ५० मिलीअँपिअर धरा, वायर १० किलोओहमची असेल तर तिच्यात ५०० व्होल्ट पडतात. कॉइल वीस-पंचवीस हजार चढवू शकते. स्टॉक कॉइल, स्टॉक इंजिन, टर्बो नाही, अशा गाडीत ते ५०० व्होल्ट वाचवून रस्त्यावर काहीही कळत नाही. खराब वायर काढून कुठलीही चांगली बसवली तरी गाडी पळायला लागते, आणि माणूस श्रेय रंगाला देतो.

जाडीचं पण तसंच. ७, ८, ८.५, १० हे आकडे बाहेरच्या आवरणासकटचे. आतली तार त्यावरून कळत नाही. जाड आवरण चांगल्या सिलिकॉनचं असेल तर इन्सुलेशनला फायदा आहे, खोटं नाही, पण ती वायर कव्हरवरच्या क्लिपमध्ये बसली पाहिजे, नाहीतर ती लोंबकळून एकमेकींना किंवा गरम पत्र्याला टेकते.

आणि तिसरी गोष्ट आतल्या तारेची. तीन प्रकार डोक्यात ठेवायचे. कार्बनचा गाभा, जो जुन्या ओरिजिनल वायरींमध्ये सर्रास असतो, काम चोख करतो पण वयानं आणि ओढाताणीनं तुटतो. दुसरा, गाभ्यावर बारीक तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, स्पायरल, हा जास्त टिकतो आणि गुंडाळीमुळे रेडिओ आणि ईसीयूला (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) त्रास देणारा विद्युत गोंगाट दाबतो. तिसरा, नुसतं तांबं. तांब्याचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य, आणि गोंगाट दाबायला काहीच नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत तांबं चालून जायचं, पण इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू सेन्सरच्या बारीक सिग्नलवर चालतो, शेजारून असा उघडा गोंगाट नेणं म्हणजे नको ते दुखणं विकत घेणं.

मामांचं मत पाचव्याला, माझं पण. मालकाला थांबायचं नव्हतं. गाडी त्याची, पैसे त्याचे, आणि ऑगस्ट उजाडला होता.

पहिला निर्णय: लाल सेट

लाल सेट घेतला. त्याच वेळी टॅपेट कव्हरचं पॅकिंग, नळ्यांच्या चारही सील, नवीन कॅप, रोटर आणि चार नवीन प्लग, गॅप १.१ एमएम. कव्हर उघडलंच आहे म्हणून मामांनी टॅपेट पण बघून घेतले. नळ्यांमधलं ऑइल आधी चिंधीनं टिपून घेतलं आणि मगच प्लग काढले, नाहीतर ते सगळं सिलिंडरमध्ये जातं.

गाडी चालू झाली, आयडल शांत, मालक खूश. पण संध्याकाळपर्यंत दोन गोष्टी दिसल्या. रेडिओ लावला की एएमवर इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी, जी आधी नव्हती. आणि साडेचार हजारच्या वर टॅकोमीटरचा काटा मधूनमधून थरथरायचा. शिवाय बूट मूळच्या बूटपेक्षा थोडं आखूड होतं, वरची रबरी टोपी नळीच्या तोंडावर नीट टेकत नव्हती, बोटानं दाबली की बसायची, सोडली की वर यायची. मामांनी ते बसवतानाच दाखवलं होतं.

दहा दिवसांनी मुळशीकडे पावसात गेलेला असताना गाडी अचानक तीन सिलिंडरवर आली. जाग्यावर बॉनेट उघडलं तर दोन नंबरचं बूट वर सरकलेलं आणि नळीत पाणी. पुसून, दाबून घरी आणली.

सेट काढल्यावर मी एक वायर ब्लेडनं उभी चिरली, मला बघायचंच होतं. बाहेर पातळ लाल सिलिकॉनची साल, आत कडक पीव्हीसी आणि मध्ये नुसत्या तांब्याच्या सुट्या तारा. पाकिटावर 'स्पायरल' लिहिलेलं. रेझिस्टन्स मोजला तर मीटर जवळजवळ शून्य दाखवत होता, म्हणजे बसवायच्या आधी दहा सेकंद मोजलं असतं तरी कळलं असतं.

दुसरा निर्णय: निळा सेट

मालकाचा मेहुणा न्यू जर्सीला असतो आणि तो गणपतीला येणारच होता. १९९६ ते २००० च्या अमेरिकन सिविकमध्ये डी१६ इंजिन, याच घराण्यातलं, तशीच डिस्ट्रिब्युटरची मांडणी. पण 'घराणं एक म्हणजे बसेलच' असं न धरता आम्ही जुन्या ओरिजिनल वायरी टेबलावर सरळ ठेवून प्रत्येकीची लांबी टेपनं मोजली, बूटची उंची मोजली, कॅपकडच्या टोकाचा फोटो काढला आणि हे सगळं मेहुण्याला पाठवलं. त्यानं दुकानात खोका उघडून जुळवून बघितलं आणि मग घेतलं. एनजीकेचा निळा सेट, वायरींवर सिलिंडरचे नंबर छापलेले.

बसवायचं काम अर्ध्या तासाचं, पण हळू केलं. एका वेळी एकच वायर, जुनी काढायची आणि तीच नवीन घालायची, म्हणजे फायरिंग ऑर्डर चुकायचा प्रश्न येत नाही. काढताना वायर ओढायची नाही, बूट धरून आधी थोडं पिळायचं आणि मग वर. बूटच्या आतल्या ओठाला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, धातूच्या टर्मिनलवर थापायचं नाही. दाबताना 'टक' असा बसल्याचा धक्का बोटाला लागला पाहिजे, चारही वेळा तो लागला आणि टोप्या नळ्यांवर सपाट बसल्या. वायरी कव्हरवरच्या क्लिपमधून वेगवेगळ्या नेल्या. बसवायच्या आधी चारही मोजून आकडे मालकाच्या गाडीच्या वहीत लिहिले.

लाल सेटबरोबर टाकलेले प्लग पण काढून बघितले, दोन नंबरवर नुकती सुरू झालेली फिकट रेघ होती. तो एक बदलला.

परिणाम

रात्री परत दिवे बंद, परत स्प्रेची बाटली. कुठंही काही दिसलं नाही, आवाज नाही. रेडिओची शिट्टी गेली, काटा स्थिर. त्याच आठवड्यात पीयूसी संपत होती, त्यात हायड्रोकार्बनचा आकडा मागच्या वेळेपेक्षा चांगलाच खाली आला. ते होणारच होतं, मिसिंग म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर, आणि ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळत राहिलं तर तो तापून निकामी होतो. आमच्या नशिबानं कन्व्हर्टर वाचला.

गणपतीला गाडी दापोलीला गेली. जाताना ताम्हिणी उतरून, येताना त्याच चढावर, चार माणसं आणि डिकीभर सामान, धो-धो पावसात. मालकानं विळ्याच्या पुढं तिसऱ्या गिअरला मुद्दाम पाय पूर्ण दाबून बघितला आणि वर पोचल्यावर मामांना फोन केला, "मामा, एक झटका नाही." मामांनी विचारलं, टेंपरेचरचा काटा कुठंय.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी पहिलं गॅरेज. प्लग काढले तेव्हा त्या जुन्या प्लगची चिनीमाती कोणी उजेडात धरून बघितली असती तर काळी रेघ तेव्हाच दिसली असती, आणि नळीतलं ऑइल न दिसणं तर शक्यच नाही. निघालेले प्लग मालकाला परत दिले गेले नाहीत. आता आमच्याकडे निघालेला प्रत्येक पार्ट सिलिंडर नंबर लिहून पिशवीत घालून गिऱ्हाइकाला देतो, त्याला नको असला तरी एकदा दाखवतो.

दुसरं, माझा तो मीटरचा रविवार. रात्रीची टेस्ट आधी आणि मीटर नंतर, असा क्रम ठेवला असता तर आठवडा वाचला असता. मीटर नवीन वायर विकत घेताना जास्त कामाचा आहे, तांब्याची वायर स्पायरल म्हणून गळ्यात मारतायत का हे काउंटरवर उभ्या-उभ्या कळतं.

तिसरं, लाल सेट घेताना आम्ही दोघांनी मत दिलं आणि मग गप्प बसलो. बूट नळीवर टेकत नाही हे मामांना बसवतानाच दिसलं होतं. ती गोष्ट रंगाची किंवा आवडीची नव्हती, सरळ फिटिंगची होती, आणि तिथं मामांनी काम थांबवून सेट परत करायला लावायला हवा होता असं मला वाटतं. मामांचं म्हणणं वेगळं आहे, ते म्हणतात मालकानं पाकीट फोडलं होतं, दुकानदार परत घेणार नव्हता आणि गाडी त्याला त्या दिवशी हवी होती. यावर आमचं अजून एकमत नाही.

चौथं जरा अवघड आहे. सील, कॅप, रोटर, प्लग, वायरी सगळं जवळपास एकदम बदललं, त्यामुळे झटक्यांत कॅप-रोटरचा वाटा किती आणि वायरींचा किती हे कधीच कळणार नाही. एकेक बदलून बघितलं असतं तर कळलं असतं. पण दर बदलाला एक रविवार आणि एक घाटाची चक्कर, गणपती समोर, आणि सील न बदलता नवीन वायर घालणं म्हणजे नवीन बूट परत ऑइलमध्ये बुडवणं. मला विचाराल तर सील आणि वायर एकत्रच केल्या पाहिजेत, कॅप-रोटर मात्र आधी एकट्यानं बदलून बघता आला असता, ते दहा मिनिटांचं काम आहे.

पैशांचं बोलायचं तर पेट्रोलच्या बाजूला गेलेले सात हजार, लाल सेटचे बत्तीसशे आणि एक जास्तीचा प्लग एवढं टाळता आलं असतं.

एक काम अजून बाकी आहे. कॅप काढली तेव्हा डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी ऑइलचा ओलसर पट्टा दिसला होता, ओ-रिंगमधून येतंय, अजून आत शिरलेलं नाही. मालकाला मेपर्यंतची मुदत दिलीये, पाऊस सुरू व्हायच्या आत ती ओ-रिंग बदलायची आणि त्याच दिवशी चारही वायरी परत मोजून वहीत जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहायच्या.